मथळ्यातला पूर्णविराम

मी एक जुना पूर्णविराम आहे. लाकडाचा, गोटीएवढा, खालून सपाट. पण मित्रांनो, जन्माने मी पूर्णविराम नव्हतो. जन्माने मी उद्गारचिन्ह होतो. वर उभी दांडी, खाली ठिपका. ती दांडी आता नाही. ती कोणी कापली आणि का कापली, तेच तुम्हाला सांगायचे आहे. या गोष्टीत तुम्हाला एकही उद्गारचिन्ह सापडणार नाही. कितीही राग आला तरी मला आता ते काढता येत नाही, आणि राग तर मला उठता-बसता येतो.

आमचा छापखाना एका सायंदैनिकाचा होता. छापखान्यात अक्षराच्या ठशाला खिळा म्हणतात. बारीक मजकुराचे खिळे शिशाचे आणि मोठ्या मथळ्याचे लाकडी असत. खिळे एकेक उचलून ओळ लावणारा तो जुळारी. आमच्या जुळाऱ्याला सगळे तात्या म्हणत. मोठ्या मथळ्याच्या पेटीत उद्गारचिन्ह नव्हते, म्हणून तात्यांनी मला सुताराकडून करवून घेतले. सुताराकडे तेव्हा मोडक्या खुर्चीचा एक पाय पडला होता. त्यातून मी निघालो. खुर्चीसाठी माणसे काय काय करतात ते पुढे पाहिले, तेव्हा वाटले की आपले खानदानच वाईट.

त्या आकाराचा मी एकुलता एक. म्हणजे दिवसाला एकच बातमी ओरडू शकायची. तीही रोज नाही. तात्यांचा एक नियम होता. ते म्हणायचे, "जी बातमी वाचून माणसानं खुर्चीतून उठायलाच पाहिजे, तिलाच हे लावायचं." म्हातारे मालक त्यांचे ऐकत. नऊ वर्षांत मी चार वेळा छापलो गेलो. एकदा गिरणीला आग लागली तेव्हा. एकदा पाणी उकळून प्या म्हणून. एकदा रानात चुकलेली तीन मुले सापडली तेव्हा, आणि एकदा लढाई थांबली तेव्हा. चारही वेळा गाव उठले. बाकीचे दिवस मी पेटीच्या कोपऱ्यात फडक्यात गुंडाळलेला असे, आणि तात्या अधूनमधून मला तेलाचा हात लावत. रिकामा होतो, पण मान होता.

मग म्हातारे मालक गेले आणि त्यांचे जावई गादीवर आले. त्यांना सगळे जावईबापू म्हणत. जावईबापूंनी पहिल्याच दिवशी मला फडक्यातून काढले आणि म्हणाले, "एवढी चांगली वस्तू आणि झोपवून ठेवलीत, तात्या?"

झाले. त्या दिवसापासून माझी झोप उडाली. नळाला पाणी उशिरा आले की 'खळबळ' आणि मी. एखादा पुढारी नुसता खाकरला की 'घणाघात' आणि मी. अहो, घणाघात म्हणजे लोहाराने घण घालणे, ते कोणी पाहिले तरी आहे का? दोन नगरसेवक एकमेकांकडे न बघता गेले, तर 'शीतयुद्ध भडकले' आणि मी. शीत आहे ना? मग ते भडकते कसे? रोज शाई, रोज दाब, रोज बोंब. माझ्या कडा झिजल्या. आणि गंमत अशी की आता कोणी खुर्चीतून उठत नसे. फार तर पान उलटत.

त्याच सुमारास गावात एक पुढारी होता. त्याला लोक गटारभाऊ म्हणत, कारण तो दर सभेत गटारांवरच बोलायचा. कुठले गटार तुंबले, कुठल्याचे झाकण गेले, सगळे त्याला तोंडपाठ. माणूस वाईट नव्हता, कंटाळवाणा होता. त्याच्या सभेला चाळीस माणसे, आणि चौथ्या पानावर दोन ओळी.

एकदा तो पुलाबद्दल बोलला. आमच्या गावामधून नदी जाते आणि तिच्यावर जुना लाकडी पूल होता. पलीकडच्या काठावर, तीस वर्षांपूर्वी कामधंद्यासाठी बाहेरून आलेली माणसे राहत होती. गटारभाऊ म्हणाला, "पुलाच्या फळ्यांना वाळवी लागलीय. पलीकडच्या टोकाकडून ती इकडे सरकतेय. वेळीच औषध मारा." बस, एवढेच.

जावईबापूंनी मथळा लिहून दिला: 'पलीकडची वाळवी पोखरणार'. शेवटी अर्थातच मी.

तात्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "अहो, हे फळ्यांबद्दल आहे. निदान 'पुलाला' तरी घाला."

"मावत नाही, तात्या."

"मावतं की. हे उद्गारचिन्ह आणि त्याच्या आजूबाजूची मोकळी जागा मिळून तीन अक्षरांची जागा होते. 'पुलाला' पण तीनच अक्षरं. हे काढा, ते बसतं."

जावईबापू हसले. "लोक पूल वाचायला पेपर घेतात होय? जुळवा."

तात्या पुटपुटले, मान हलवली, आणि त्यांनी जुळवले. मित्रांनो, 'पुलाला' या शब्दाच्या जागेवर त्या दिवशी मी बसलो होतो. आणि मी लाकडाचा आहे. वाळवी म्हणजे काय ते मला कोणी शिकवायला नको. आमच्या जातीचा तो काळ आहे. पलीकडची माणसे वाळवी नव्हती.

दुसऱ्या दिवशी गटारभाऊ तणतणत छापखान्यात आला. "अहो, मी फळ्यांविषयी बोललो होतो. माणसांना कुठे काय म्हणालो?"

जावईबापूंनी त्याला खुर्ची दिली. "काल सभेला किती होते?"

"चाळीस."

"आज घ्या एक सभा. मग खुलासा हवा असेल तर सांगा, पहिल्या पानावर छापतो."

संध्याकाळी मैदानात पाय ठेवायला जागा नव्हती. लोक ओरडत होते, "वाळवीचं बोला, वाळवीचं." गटारभाऊने घाम पुसला, गर्दीकडे पाहिले आणि वाळवीचे बोलला. या वेळी फळ्यांचे नावही घेतले नाही. खुलासा मागायला तो पुन्हा कधी आला नाही. पंधरवड्यात आमच्या पेपराने त्याचे बारसे केले: 'तोफ'. तोफ धडाडली, तोफ कडाडली, तोफेचे गोळे. जी व्यक्ती गटाराच्या झाकणापलीकडे कधी गेली नव्हती, तिचे आम्ही गोळे मोजत बसलो. कपाळ माझे. निवडणूक आली, तोफ नगराध्यक्षाच्या खुर्चीवर जाऊन बसली, आणि पुलाच्या फळ्या होत्या तशाच राहिल्या.

आता तात्यांच्या घरचे सांगतो. त्यांची एकुलती एक मुलगी पलीकडच्या काठावर दिली होती. जावई घड्याळे दुरुस्त करायचा. दर रविवारी तात्या पूल ओलांडून नातीला भेटायला जात.

एका दुपारी मुलगीच छापखान्यात आली. सोबत सात वर्षांची नात. मुलगी बसली नाही. म्हणाली, "बाबा, दुकानाच्या शटरवर कुणीतरी रंगवून गेलंय. वाळवी. आणि पुढे ते तुमचं चिन्ह, अगदी तस्संच, जाड दांडीचं. हिच्या शेजारी शाळेत कुणी बसत नाही आता. तो मथळा कुणी जुळवला होता?"

तात्यांच्या हातात तेव्हा मीच होतो. ते म्हणाले, "मी नुसता जुळवतो गं. लिहिणारे वेगळे."

"माझं लग्नसुद्धा तुम्हीच जुळवलं होतं, बाबा. तेव्हा सगळ्यांना सांगत होतात, पलीकडची माणसं सोन्यासारखी आहेत म्हणून."

तात्यांनी मला पेटीत ठेवून दिले. मुलगी म्हणाली, "आम्ही गाव सोडतोय. महिनाअखेरीला. हेच सांगायला आले होते." नातीने जाताना आजोबांच्या शाईच्या बोटाला हात लावला आणि स्वतःचे बोट काळे करून घेतले. त्या दिवसानंतर तात्यांनी रविवारी पूल ओलांडला नाही. कोणत्या तोंडाने जाणार?

त्यानंतर आठवड्याभराने तोफेने मिरवणूक काढली. कशासाठी, तर पलीकडच्यांना दाखवून द्यायला. काय दाखवून द्यायचे होते, देव जाणे. सकाळी दहाला जीप पुलावर चढली आणि मध्यावर पुढचे चाक फळीतून आरपार गेले. तोफ जीपमधून खाली आली आणि तिचा पाय मुरगळला. बाकी कोणाला खरचटलेही नाही.

पण काठावर माणसे जमू लागली. कोणीतरी म्हणाले, हे पलीकडच्यांनीच केले. दुसऱ्याने दगड उचलला. तिसरा म्हणाला, "पेपर येऊ दे. नक्की काय ते कळेल."

तात्या पुलाकडे धावत गेले होते. परत आले तेव्हा त्यांच्या हातात फळीचा एक तुकडा होता. तेवढ्यात जावईबापूंनी चिठ्ठी पुढे केली: 'वाळवीचा घातपात'. शेवटी मी.

"ही बघा वाळवी," तात्या म्हणाले आणि त्यांनी तुकडा बोटांनी दाबला. त्याचा भुगा झाला. "घातपात नाही, काही नाही. फळी आतून पोखरलेली आहे."

"तात्या, गाव पेटलंय आणि तुम्ही मला भुसा दाखवताय? जुळवा. मी तोफेचा फोटो घेऊन येतो." जावईबापू निघून गेले.

तात्या उभे राहिले. मुलगी पलीकडे होती, नात पलीकडे होती, आणि काठावर दगड घेतलेली माणसे आमच्या अंकाची वाट पाहत होती. तात्यांनी 'वाळवी' जुळवले. मग त्याच्या आधी 'पुलाच्या फळ्यांना' जुळवले. मग पुढे 'लागली होती' जुळवले. शेवटी पेटीत हात घातला आणि थांबले. मित्रांनो, मथळ्याला पूर्णविराम देत नाहीत. त्यामुळे मोठ्या खिळ्यांच्या पेटीत पूर्णविराम कधी नव्हताच.

लाकडी पट्ट्या कापायची करवत टेबलावर होती. तात्यांनी मला हातात घेतले, एकदा अंगठा फिरवला आणि म्हणाले, "माफ कर बाबा. तुला मीच आणलं होतं." आणि त्यांनी माझी दांडी कापली. दुखले का, असे तुम्ही विचाराल. दुखले. पण इतक्या वर्षांची बोंब एकदाची बंद झाली, हेही खरे.

यंत्र चालवणाऱ्याने पान पाहिले. "तात्या, मथळ्याला पूर्णविराम?"

"हो. बातमी तिथं संपते."

जावईबापू येईपर्यंत अंक बाहेर पडला होता. 'पुलाच्या फळ्यांना वाळवी लागली होती.' विकणाऱ्याला ओरडायला काही सापडेना. काठावरच्या माणसांनी मथळा वाचला, पुन्हा वाचला. एकाने जाऊन फळीला बोट लावले. भुगा खाली पडला. दुसरा म्हणाला, "अरे, हे तर गटारभाऊ आधी स्वतःच सांगत होता. मग दुरुस्त का नाही केलं?" दगड तिथेच टाकून माणसे घरी गेली. तात्यांची नोकरी त्याच दुपारी गेली.

तोफेचे म्हणाल, तर फळ्यांचे काय केलेत या प्रश्नाचे उत्तर तिला देता आले नाही आणि वर्षभरात खुर्ची गेली. जावईबापूंनी मथळा दिला, 'तोफ फुसकी'. त्यापुढे तीन उद्गारचिन्हे, सुताराकडून नवी करून घेतलेली. म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

मित्रांनो, उपदेश आत्ताच करून टाकतो, कारण शेवट मला शांतपणे सांगायचा आहे. आता तुमच्या बोटाखाली माझे नवे भाऊबंद हजारांनी आहेत. दाबले की उमटतात. सुतार नको, खुर्चीचा पाय नको. जेवलास का विचारतानाही तुम्ही चार-चार लावता. लावा बापडे. पण माणसाच्या नावापुढे लावण्याआधी एकदा बघा, आपण कोणता शब्द काढून ती जागा केली आहे.

तर, त्या दिवशी दुपार कलल्यावर तात्या होडीतून पलीकडे गेले. मी त्यांच्या खिशात होतो. तात्यांचा जावई दुकानाच्या शटरवरच्या रंगावर आमचा अंक खळीने चिकटवत होता. घरात सामान बांधून तयार होते. खुर्च्या आधीच कोणाला तरी देऊन टाकल्या होत्या. मुलीने दोरीने आवळलेल्या ट्रंकेकडे बोट केले आणि म्हणाली, "बसा." तात्या ट्रंकेवर बसले. नातीने त्यांच्या खिशात हात घालून मला बाहेर काढले.

"आजोबा, हा ठिपका कसला?"

"पूर्णविराम आहे. तो आला की थांबायचं असतं."

नातीने मला उलटेसुलटे करून पाहिले. मग आईकडे पाहिले. "मग आपणपण इथंच थांबायचं का?"

मुलगी वडिलांजवळ आली, म्हणाली, "बाबा, जरा उठा," आणि ट्रंकेची दोरी सोडू लागली.