कुशाबा गवंड्याचा ओळंबा

"हात लावू नको तेका. आधी थिर होवंदे, मगे बघ."

मित्रांनो, हा आवाज अजून माझ्या कानात आहे. मला कान नाहीत हे खरं, पण ज्याच्या हातात आपण उभा जन्म काढतो त्याचा आवाज कानांवाचूनही राहतो. माझा धनी कुशाबा कामावर येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला हेच सांगायचा. मी दोरीवर झुलत असायचो आणि नवा माणूस घाई करून मला बोटाने थांबवायला जायचा. मग कुशाबा त्याला असं हळूच अडवायचा.

मी एक जुना ओळंबा आहे. भिंत सरळ उभी आहे की कलली आहे, हे गवंड्याला सांगणं एवढंच माझं काम. वर एक लाकडी ठोकळा, त्यातून ओवलेली दोरी आणि खाली लोंबणारा, टोकाला निमुळता, पितळेचा मी. ठोकळा भिंतीला टेकवायचा, मला खाली सोडायचं आणि मी शांत होईपर्यंत वाट पाहायची. आम्हां ओळंब्यांना खोटं बोलता येत नाही. त्यात आमची थोरवी काही नाही, देवाने आमचं वजनच तसं ठेवलं आहे.

गिरगावातल्या एका ओताऱ्याने मला ओतलं. कुशाबा तेव्हा कोकणातून नुकताच मुंबईत आला होता. मला हातात घेऊन त्याने आधी कपाळाला लावलं, मग टोच्याने ठिपके ठिपके पाडून माझ्या पाठीवर नाव घालून घेतलं. भांड्यांवर घालतात ना, तसंच. त्याला स्वतःला वाचता येत नव्हतं. त्या ठिपक्यांवरून अंगठा फिरवून तो स्वतःशीच हसला होता.

पुढे किती भिंती मी पाहिल्या. माडीच्या, चाळीच्या, विहिरीच्या, देवळाच्या. लोक म्हणायचे, कुशाबाच्या हातचा कोपरा पाहावा. त्या कौतुकात माझाही थोडा वाटा होता.

मग त्याने गिरगावातच एका गल्लीच्या टोकाला इवलीशी जागा घेतली. बायकोसाठी घर बांधायचं होतं. तिचं नाव अंबिका. ती दर गुरुवारी दत्ताचा उपास धरायची आणि औदुंबराला प्रदक्षिणा घालायला बरंच लांब चालत जायची. कुशाबा तिला म्हणाला होता की आपल्या दारातच औदुंबर लावू, मग कुठे जायला नको. दिवसभर दुसऱ्यांच्या भिंती बांधून संध्याकाळी तो स्वतःचं जोतं बांधायला यायचा. काळा घडीव दगड, चुन्यात बसवलेला. त्या जोत्याचा एकेक कोपरा मी तपासला आहे.

जोतं पुरं झालं, आणि तापाच्या साथीत अंबिका गेली.

कुशाबाने त्या जोत्यावर भिंत चढवली नाही. मधोमध माती भरून औदुंबर लावला. एका बाजूला दगडाची देवळी केली, तीत दत्ताच्या पादुका ठेवल्या आणि देवळीच्या छताला एक लोखंडी कडी बसवली. ती कडी माझ्यासाठी. घराचं जोतं होतं त्याचा पार झाला. येणारे-जाणारे टेकू लागले, बायका प्रदक्षिणा घालू लागल्या. दर गुरुवारी कुशाबा मला त्या कडीला टांगायचा. मी स्थिर झालो की वाकून पाहायचा, जोतं कुठे खचलं-कललं नाही ना. मगच दिवा लावायचा. त्याच्यानंतर त्याचा मुलगा लवू आणि सून गंगुबाई त्याच्यासारखंच ‘थिर होवंदे’ म्हणत हे करत राहिली. घर तोवर लालबागच्या चाळीत आलं होतं, पण गुरुवार गिरगावचाच होता.

लवू गिरणीत लागला. हजेरीपटावर नाव चढवताना कारकुनाने आडनाव विचारलं. याने गावाचं नाव सांगितलं. तेव्हापासून हे घर किंजवडेकरांचं झालं.

लवू अकाली गेला. गंगुबाईने लहान मुलाला मामाकडे गावी ठेवलं आणि ती स्वतः गिरणीत उभी राहिली. तोच मुलगा म्हणजे आजचे अप्पा. गंगुबाईची तब्येत ढासळली तेव्हा तिने त्याला बोलावून घेतलं. मी तिच्या उशाशी होतो. तिने मला पोराच्या ओंजळीत ठेवलं आणि म्हणाली, "आपली जागा आसा गिरगावात. ह्यो थंय नेऊन टांग. इसरू नको."

कुठली गल्ली, कशाला टांगायचं, हे सांगायला ती उरली नाही.

मित्रांनो, मला सगळं ठाऊक होतं आणि मला तोंड नव्हतं. याहून मोठं दुःख एखाद्या वस्तूला नसेल. अप्पा मोठे झाले, नोकरीला लागले आणि सुट्टीच्या दिवशी गिरगाव पालथं घालू लागले. ते घर शोधत होते. किंजवडेकरांचं घर कुठलं, म्हणून दारोदार विचारत होते. असं घर कुणाच्याच ऐकिवात नव्हतं. पाराच्या कडेनेही ते कितीदा गेले असतील. दमून त्यावर टेकलेही असतील.

पुढे मी ट्रंकेत गेलो. ट्रंकेतून माळ्यावर आणि माळ्यावरून गॅलरीत, पाण्याच्या पिंपाच्या झाकणावर वजन म्हणून. अप्पांचा मुलगा दीपक याने मला तिथे ठेवलं. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. त्याला मी एक काळा गोळा दिसत होतो. अप्पांनी पाहिलं की ते मला उचलून देव्हाऱ्याखाली ठेवत, आणि झाकण उडालं की दीपक मला परत पिंपावर नेई. असं कित्येक वर्षं चाललं.

चाळीतल्या लोकांना अप्पांची जागा हा गमतीचा विषय होता. कुणीतरी जिन्यात हटकून विचारायचं, "काय अप्पा, गिरगावच्या बंगल्यावर कधी बोलावताय?"

अप्पा म्हणायचे, "बोलवीन की. चपला बाहेर काढून या म्हणजे झालं."

सगळे हसायचे, अप्पाही हसायचे. पण पाय थकले आणि अप्पा खाटेला लागले, तेव्हा त्यांनी दीपकला एकच काम सांगितलं. सरकारी दप्तरात जुने कागद असतात म्हणे, तिथे एकदा बघ. दीपक रजा काढून गेला. दोन-चार हेलपाटे घातले. मग एके दिवशी घरी येऊन पाणी प्यायला आणि जरा तुटकपणेच म्हणाला, "अप्पा, किंजवडेकर नावाचं गिरगावात काहीच नव्हतं. आता सोडा तो विषय."

अप्पांनी विषय सोडला. जेवणही अर्धं सोडलं. जिन्यातल्या चौकशीचा आवाज आला तरी ते उत्तर देईनात. एका दुपारी सून सुचित्रा त्यांचे पाय चेपत होती, तेव्हा भिंतीकडे तोंड करून त्यांनी विचारलं, "आई खोटं बोलली असेल का गं?"

सुचित्रा पाय चेपत राहिली. ती मुळातच कमी बोलते. पहाटे उठून देवाची भांडी घासायची, फुलं वाहायची, स्तोत्र म्हणायचं आणि मग चहा ठेवायचा, हा तिचा नेम पाहुणे आले काय, ताप आला काय, चुकत नाही. त्या दिवशी पाय चेपून झाल्यावर ती गॅलरीत आली आणि मला पिंपावरून उचलून पदराने पुसलं. मग मी पुन्हा त्या पिंपावर गेलो नाही.

खंडेनवमी आली. त्या दिवशी हत्यारांची पूजा असते. चाळीत कुणी पाना-पकड पूजेला मांडतं, कुणी शिवणाचं यंत्र. सुचित्राने आदल्या दिवशी देवाच्या भांड्यांबरोबर मलाही घासायला घेतलं. चिंच आणि मीठ. तिने मला इतकं घासलं की माझं मलाच अंग हलकं वाटू लागलं. किती वर्षांची काजळी सुटली, आणि तिच्या अंगठ्याला काहीतरी खरखरीत लागलं.

ती मला उजेडात घेऊन गेली. ठिपके जोडत जोडत तिने हळू आवाजात वाचलं. कुशाबा राघो गवंडी.

तिने पुन्हा वाचलं. बोटांवर पिढ्या मोजल्या. मग दीपकला म्हणाली, "मामंजीच सांगतात ना, आडनाव त्यांच्या वडलांनी गिरणीत घेतलं? मग त्यांच्या आजोबांच्या कागदावर ते कसं सापडेल? त्या काळी माणसाला त्याच्या कामाने ओळखायचे. आपण चुकीच्या माणसाला शोधत होतो."

दीपकने डोक्याला हात लावला. पण तो हसला, हे मी पाहिलं.

दिवाळी उरकून दोघं दप्तराच्या कचेरीत गेली. मला सुचित्राने तांदळाच्या पिशवीत घालून नेलं होतं. दारातल्या पहारेकऱ्याने पिशवी उघडली आणि हा बॉम्बगोळा कसला म्हणून विचारलं. सुचित्रा शांतपणे म्हणाली, "आमचे पणजेसासरे आहेत." तो इतका गोंधळला की त्याने आम्हांला सोडून दिलं.

आत मानसी नावाची एक मुलगी होती. तिला मोडी वाचता येत होती. गवंडी नाव सांगितल्यावर ती आत गेली आणि पुष्कळ वेळाने जीर्ण झालेलं एक बाड घेऊन आली. पान फाटू नये म्हणून ती श्वाससुद्धा बेताने घेत होती. मी मेजावर होतो. दीपक पुढे वाकून भराभर पानं उलटायला जाणार, तोच सुचित्राने त्याचा हात धरला.

मानसीने बोट न लावता वाचून दाखवलं. कुशाबा राघो गवंडी, मूळ राहणार मौजे किंजवडे. गल्लीचं नाव. जागा खरेदी. घर नाही, जोतं आहे. आणि काही वर्षांनंतरची नोंद : सदर जागा गल्लीतील लोकांस बसण्या-उठण्यास कायमची दिली, दिवाबत्ती कुशाबाच्या घरची.

"म्हणजे आपलं काहीच नाही," दीपक म्हणाला.

"दिवाबत्ती आहे," सुचित्रा म्हणाली.

तिथून ती दोघं थेट गिरगावात गेली. गल्ली सापडायला वेळ लागला, पण औदुंबर लांबूनच दिसला. पाराखाली कुणी चपला काढून ठेवल्या होत्या. दगड जागचा हलला नव्हता. देवळीत पणती तेवत होती आणि एक म्हातारी बाई तिच्यात तेल घालत होती. तिचं नाव कमळाबाई, समोरच्या घरातली. सुचित्राने तिला विचारलं की हा दिवा कोण लावतं.

कमळाबाईने सांगितलं की ती लग्न होऊन आली तेव्हा सासूबाई लावायच्या. पण हा दिवा आपला नाही, असं त्या नेहमी म्हणत. लालबागची एक बाई गुरुवारी यायची. येईनाशी झाली, तेव्हा सासूबाईंनी वात विझू दिली नाही एवढंच. वर छतात एक कडी आहे, ती कशासाठी ते कुणालाच माहीत नाही, हार अडकवायला बरी पडते.

"सासूबाई जाताना मला म्हणाल्या, लालबागची बाई येईपर्यंत तू लाव," कमळाबाई म्हणाली. "मी पण सुनेला तेच सांगून ठेवलंय."

सुचित्राने पिशवीतून मला बाहेर काढलं आणि पुढे धरलं. कमळाबाईने माझ्याकडे पाहिलं, मग कडीकडे पाहिलं. नंतर तिने पदराने हात पुसले आणि सुचित्राच्या गालावरून फिरवले. "उशीर केलास गं बाई," एवढंच ती म्हणाली.

संध्याकाळी अप्पांना सगळं सांगितलं. जागा दुसऱ्यांना दिली आहे हे सांगताना दीपक जरा अडखळला. अप्पांनी डोळे मिटून ऐकून घेतलं.

"म्हणजे जागा होती," ते म्हणाले.

"होती, मामंजी."

"आणि जोतं?"

"जसंच्या तसं आहे."

अप्पा उठून बसले. त्यांनी भात मागितला. आणि जेवता जेवता सुचित्राकडून वचन घेतलं की आता गुरुवार आपल्या घरचा. "मला येता यायचं नाही, तू जा," ते म्हणाले. रात्री जिन्यात नेहमीचा प्रश्न आला, तेव्हा आतून अप्पांचं उत्तर गेलं, की कधीही जा, फक्त चपला बाहेर काढा. या खेपेला त्यांच्या हसण्यात कसलीच खोट नव्हती.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुठेतरी झाकणावर, माळ्यावर, दाराच्या फटीत माझ्यासारखं काही पडलेलं असेल. कधीतरी चिंच लावून घासून बघा. कुणाच्या हाताची खूण निघेल, कुणी सांगावं. आणि घासायला घेतलंत, तर घाई करू नका.

आज मार्गशीर्षातला पहिला गुरुवार आहे. सुचित्राने घरची पूजा मांडली, आरती केली. मला नवी सुती दोरी ओवली आणि अप्पांच्या हातात दिलं. त्यांनी मला हवेत सोडलं. त्यांचा हात कापत होता, त्यामुळे मी झुलत राहिलो. सुचित्राने त्यांच्या मनगटाखाली आपला तळवा धरला. दीपक मला थांबवायला बोट पुढे करत होता.

"हात लावू नको तेका," अप्पा आईच्या बोलीत म्हणाले. "आधी थिर होवंदे."

आम्ही सगळे थांबलो. हळूहळू मी स्थिर झालो.

मग सुचित्राने मला पिशवीत ठेवलं. शेजारी वाती, तेलाची बाटली, काडेपेटी. जिन्यात कुणीतरी विचारलं, कुठे निघालात वहिनी, संध्याकाळच्या वेळी. ती म्हणाली, "जागेवर," आणि पायऱ्या उतरू लागली.