चौथ्या डिस्कचा घास

आमच्या घरात एक रीत आहे: मला विचारलं की सगळ्यांना विचारलं. पडदे कुठले, टीव्हीवर काय, पाहुणे कधी. रीत मीच घातली, तेव्हा चांगलीच असणार.

सूनबाई घरी बसून कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहिते. जेवणाच्या टेबलावर तिनं एक पेटी मांडली होती, आत चार डिस्क. बाहेरून मात्र एकच मोठी डिस्क वाटावी. मोठी फाइल आली की सूनबाईचा प्रोग्राम तिचे तुकडे करतो आणि पाळीपाळीनं चौघींना वाटतो. चौघी एकदम कामाला लागतात, म्हणून काम झटपट. माझी शाळा दुसरीत सुटली, पण एवढं कळतं.

त्या दुपारी स्टुडिओवाली बाई पेटी बघायला आली. तिनं घेतली तर सूनबाईचा धंदा इथंच उभा राहणार. नाहीतर परगावची नोकरी, आणि होकार संध्याकाळपर्यंत कळवायचा. मला काय, जाईना का! फक्त चिरंजीवांना फैलावर घ्यायला घरात जोडीदार उरली नसती.

फोटो लहान, ते पेटीत सुरळीत गेले. मग बाईनं एक लांबलचक फिल्म टाकली, आणि पेटी अडून बसली.

"प्रोग्रामच कच्चा आहे," चिरंजीव बाईच्या देखत म्हणाले.

"तू कधी पिकलास ते सांग आधी," मी म्हटलं.

सूनबाईनं पडद्यावरच्या ओळी वाचल्या. "चौथी म्हणतेय, एवढा मोठा तुकडा एका वेळी घेणार नाही. अहो, चौथी डिस्क बदललीत का?"

"परवा बंद पडली. पेटीत अजून काही साठवलेलं नव्हतं, म्हणून कपाटातली जुनी लावली. डिस्क ती डिस्क!"

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"आईला विचारलं होतं."

विचारलं होतं खरं. मी 'लाव' म्हटलं होतं.

सूनबाईला हसू फुटलं. "माझंही चुकलंच, आई. चौघी सारख्या आणल्या होत्या, म्हणून माझा प्रोग्राम फक्त पहिलीला विचारतो, एका वेळी किती घेशील? आणि तेच माप चौघींना लावतो. या घरात राहून लागलेली सवय!"

स्टुडिओवाली फिसकन हसली. मी तिच्याकडे असं काही बघितलं, की तिनं पाण्याचा पेला तोंडाला लावला.

"मग आता?" मी विचारलं.

"प्रत्येकीला विचारायचं. जिचं तोंड सगळ्यात लहान, तिच्या मापाचे तुकडे करायचे."

"म्हणजे थोरलीनं भूक मारायची?"

"घास लहान, पण जास्त वेळा. पोटात तेवढंच जातं, आई."

"मग लिही की! माझं तोंड काय बघतेस?"

तेवढ्यात बाई पर्स उचलून उठली. मी खुर्ची ओढून थेट दारात बसले. गुडघे माझे दुखतात, खुर्ची कुठंही टाकीन. "बसा हो, एवढ्या उन्हाचं कुठं जाता?" म्हणत तिला गुडघ्यांची कथा पहिल्या कळेपासून सांगायला घेतली.

डावा संपवून उजव्यावर आले, तोवर फिल्म पुरती उतरली होती. बाईनं ती चालवून पाहिली आणि म्हणाली, "घेते पेटी." माझ्या तावडीतून सुटायला म्हणाली, असं चिरंजीवांचं मत.

सूनबाईनं परगावी फोन लावला. "मी येत नाही," ती हळूच म्हणाली.

"जरा मोठ्यानं बोल," मी दारातूनच ओरडले, "त्यांना नीट ऐकू जाऊ दे!"