जुळ्या रेषांचं कुंकू

“दत्ताजी, छुट्टी से पहले तो बिल्कुल ठीक था!” कंपनीचे मालक चढ्ढासाहेब म्हणाले आणि हातातला समोसा त्यांनी असा खाली ठेवला, की जणू चाचणीत तोच नापास झाला होता.

दत्तात्रय पेंढरकर मोजणीयंत्राच्या पडद्यावरच्या रेघेकडे बघत होता. फिल्टरने गोंगाट अडवला की ही रेघ पाताळात बुडी मारायची. आज ती फरीदाबादच्या रस्त्यासारखी उंचवटे दाखवत होती. शेजारच्या खोलीत मानेसरच्या कारखान्याच्या मल्होत्रा मॅडम चहा घेत होत्या. त्यांना गाडीच्या रडारसाठी फिल्टर हवा होता. आज पास झाला तर ऑर्डर. नाहीतर डिझाइनचं टेबल बंद, मग दत्तात्रयाने बाहेरून आणलेला माल विकायचा, हे चढ्ढासाहेबांनी दिवाळीच्या शुभेच्छा द्याव्यात तशा गोड आवाजात सांगून ठेवलं होतं.

त्याचा फिल्टर म्हणजे शेजारी शेजारी धावणाऱ्या तांब्याच्या दोन रेषा. नव्या माणसाला तो सांगे, “जुळ्या बहिणी समजा. एक हो म्हणाली की दुसरी नाही म्हणणार. त्यांचं भांडण हाच आपला सिग्नल, तो पुढे सोडायचा. दोघी एका सुरात बोलायला लागल्या की समजावं, बाहेरचा गोंगाट शिरलाय. तो दारातच अडवायचा.” अट एकच, बहिणी हुबेहूब सारख्या हव्यात. एकीच्या नाकावर माशी बसली, तरी गोंगाट सिग्नलचं सोंग घेऊन आत घुसतो. माशीची गोष्ट खोटी वाटली तर वाटो. त्या दिवशी मात्र ती खरोखरच बसली होती, आणि लाल होती.

“काका, केबल बदलली, कनेक्टर बदलले. सेम आहे यार,” इशिता म्हणाली. ही त्याची सहकारी, मराठी घरातली पण दिल्लीतच वाढलेली.

दत्तात्रयाने स्क्रू काढून फिल्टरच्या डबीचं झाकण उचललं, भिंग लावलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

खंडेनवमीला हत्यारं पुजायची म्हणून फिल्टरचा हा बोर्ड त्यानेच घरी नेला होता. पाटावर वडिलांचा पाना, कात्री, विळी, आणि त्याच पंगतीत हा. बायकोने, कुमुदिनीने, सगळ्यांना कुंकू लावलं, ह्यालाही. एकाच बहिणीला! मग दत्तात्रयाने भक्तिभावाने झाकण लावून टाकलं होतं.

“पुसते ना, चलो,” इशिता म्हणाली.

“नको. तेल बोर्डात मुरलंय. घासलं तर तांबं जाईल.” त्याने घरी फोन लावला. “कुमुद, कुंकू कशात कालवलं होतंस?”

“तिळाच्या तेलात. का हो?”

“तीच वाटी घेऊन इकडे ये. आत्ता.”

“अगंबाई! तेव्हा मी विचारलं होतं, दोन रेषा दिसतायत, दोघींना लावू का? तर म्हणे, पुरे, भूक लागलीय.”

“चुकलो. ये.”

स्कूटीवरून ती आली, तेव्हा चढ्ढासाहेबांचा चेहरा उतरला. “अब पूजा करवाओगे?”

“पूजा नहीं साहब, बैलेंस.”

“तेच बोट लागेल?” कुमुदिनीने विचारलं.

“तेच. समोरासमोर, आणि तेवढंच.”

चढ्ढासाहेबांनी आपण होऊन पंखा बंद केला. करंगळीशेजारचं बोट वाटीत बुडालं, रेषेवर टेकलं, उचललं गेलं. रेघ थरथरली आणि खाली गेली. इतकी खाली, की बघायला आपण टेबलाखाली वाकलो, असं इशिता आजही शपथेवर सांगते. सिग्नलची जागा केसभर सरकली होती, पण मर्यादेच्या आत.

मल्होत्रा मॅडमनी भिंगातून पाहिलं. “ये दो लाल निशान?”

“एक मेरी गलती है, मैडम,” दत्तात्रय म्हणाला. “ दूसरा उसका इलाज.”

त्यांनी पूर्ण मोजणी पुन्हा करायला लावली. मग सही करता करता म्हणाल्या, “अगला पीस बिना गलती के दीजिएगा.”

चढ्ढासाहेबांनी समोसा पुन्हा उचलला.

खाली गाडीपाशी कुमुदिनीने बोट पुढे केलं. “थोडं उरलंय.”

“मला कशाला?”

“माझ्या कपाळावर आहे, तुमचं रिकामं. गोंगाट शिरेल.”

एरवी देवळातून बाहेर पडताच कपाळ पुसणारा माणूस तो. त्या दिवशी मात्र त्याने हेल्मेट दोन्ही हातांनी धरलं आणि ठिपक्याला धक्का लागू नये म्हणून अगदी सावकाश, जरा वरूनच डोक्यावर ठेवलं.