राणीसरकारच्या शेजारची जागा

मित्रांनो, आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर फसवल्यासारखं वाटायला नको. मी एक जुनी, स्वस्तातली इलेक्ट्रिक गिटार आहे. वरून लालभडक, चकचकीत. आतून साधं प्लायवूड. गरिबीतून मोठी झाले वगैरे गोष्ट मी सांगणार नाही. मी मोठी झालेलीच नाही. पण मजेत आहे, आणि का आहे ते सांगते.

कारखान्यात आम्ही ओळीने टांगलेल्या असायचो. एकाने भोकं पाडायची, दुसऱ्याने रंग मारायचा, तिसऱ्याने तारा ओढायच्या. तारा मानेपासून फार उंच तर राहिल्या नाहीत ना, सूर नीट लागतो ना, हे बघायला चौथं माणूस लागतं. ते महागड्या गिटारीच्या वाट्याला येतं, आमच्या नाही. लाकडाचा आणि नावाचा फरक नंतरचा. पहिला फरक हा. दुकानदार हे सांगतो का? छे! तो म्हणतो, "नवशिक्यांसाठी एकदम बेस्ट!" नवशिक्यांची बोटं काय लोखंडाची असतात?

पडदे शिवणाऱ्या एका बाईंनी मला आपल्या मुलीसाठी घेतलं. मुलगी एका जागी बसायची नाही, म्हणून घरात तिला खारू म्हणत. माझ्यापुढे मात्र ती बसली. एका कोपऱ्यात आईची शिलाई मशीन धडधडायची, दुसऱ्या कोपऱ्यात आम्ही दोघी. माझ्या तारा इतक्या उंच, की त्यांच्याखालून मुंग्यांचा मोर्चा सुखरूप गेला असता. त्या दाबता दाबता खारूची बोटं सोलून निघायची, आणि जोर लावून दाबल्या की सूर वर सरकायचा. मशीन थांबवून आई म्हणायची, "आता गोड वाजलं हं." ते गोड वाजलेलं नसायचं. आई होती, म्हणून म्हणायची.

खारूचा मामा एका हॉटेलातल्या बँडमध्ये गिटार वाजवायचा. त्याची गिटार फार महागडी. घरातले तिला राणीसरकार म्हणत. मखमली पेटीतून ती निघाली, की मामा आधी हात धुवायचा. मला मात्र त्याने कधी बोटसुद्धा लावलं नव्हतं. त्याचं एक ठरलेलं वाक्य होतं, येता-जाता ऐकवायचं: "हातात कला असली ना, की फळकुटावरसुद्धा वाजतं."

त्या बँडमधला दुसरा गिटारवाला गाव सोडून गेला आणि त्याची जागा रिकामी झाली. खारूला ती जागा हवी होती. नुसती हवी नव्हती, तिने त्या जागेचा ध्यास घेतला होता. कॉलेज संपलं होतं, पडदे शिवण्यात तिचं मन नव्हतं, आणि ही संधी गेली तर मला पलंगाखाली ढकलायचं, असं तिने स्वतःशी ठरवलं होतं. मला ते ठाऊक होतं, कारण ती माझ्याशीच बोलायची.

एका दुपारी मामा राणीसरकारला घेऊन घरी आला आणि खारूला म्हणाला, "चल, वाजव."

खारूने वाजवलं. माझ्या मानेच्या टोकाला, जिथे एकाच बोटाने सगळ्या तारा दाबाव्या लागतात, तिथे दोन तारा मुक्या राहिल्या आणि बाकीच्या बेसूर ओरडल्या. तिने पुन्हा वाजवलं. पुन्हा तेच.

मामाने मान हलवली. "नाही गं खारू. बोटात जोर नाही आणि कानही कच्चा आहे. वाईट वाटून घेऊ नकोस. छंद म्हणून ठेव."

छंद म्हणून ठेव! मित्रांनो, या तीन शब्दांनी जगात किती पोरांचे हात थांबले असतील, याचा हिशोब कुणी ठेवत नाही. मला तोंड असतं, तर मी त्या माणसाला तिथेच सुनावलं असतं.

खारू रडली नाही. तिने गळ्यातला पट्टा काढला आणि मला सरळ त्याच्या मांडीवर ठेवलं.

"तू वाजव, मामा."

"मी?"

"फळकुटावर वाजतं ना? मग वाजव की फळकुटावर."

आईने मशीन थांबवली. "वाजव रे. आता का लाजतोस? लहानपणी पाहुण्यांसमोर डबे बडवायला नाही लाजलास तो!"

मामा हसला. हसतहसतच त्याने माझ्या मानेवर बोटं ठेवली आणि वाजवलं. तारा ओरडल्या. हसू मावळलं. त्याने बोटं घट्ट रोवून पुन्हा वाजवलं. मुक्या तारा बोलल्या, पण सूर आणखीच वर पळाला. त्याने बोटाचं टोक निरखलं, मग मला आडवं धरून एक डोळा मिटून माझ्या मानेकडे पाहिलं, आणि मग खारूच्या हाताकडे.

"यावर शिकलीस तू?"

"दुसरी कुठे होती?"

त्याने पेटी उघडली आणि राणीसरकार तिच्या हातात दिली. हात धुवायला सांगायचंही विसरला.

खारूने वाजवलं, तर तीही बेसूर! माझ्या सवयीने ती मरेस्तोवर दाबत होती. आईने कपाळाला हात लावला. पण मामा पुढे सरकला. "हळू. दाबायचं नाही, नुसतं टेकवायचं."

तिने बोटं टेकवली. काय सांगू! खोलीभर स्वच्छ, भरदार सूर पसरला. मी जळले का? जळले. पण खोटं बोलणार नाही: राणीसरकार माझ्यापेक्षा चांगली आहे. तिचा आवाज गोल, माझा किरटा. ती सुरात टिकते, मी दोन गाण्यांनंतर उतरते. आवाज मोठा करणाऱ्या ॲम्पला जोडलं की ती गप्प बसते, मी माशीसारखी गुणगुणते. पण त्या दुपारी तिने जे केलं, ते माझ्याने कधीच झालं नसतं. तिने सिद्ध केलं की खोट पोरीच्या हातात नव्हती.

"चुकलो," मामा म्हणाला. "कशावर वाजवतेस, हे आधी बघायला हवं होतं. पण ही तुला देणार नाही हं."

"मागितली कुणी?" खारू म्हणाली. "माझी नीट करून दे."

मग मामाने मला टेबलावर आडवं घातलं. माझ्या मानेच्या आत एक सळई असते. छोट्या वाकड्या चावीने ती जराशी फिरवली, थांबला, पुन्हा जराशी फिरवली. ज्या खाचांत तारा बसतात, त्या कानशीने खोल केल्या. तारा ज्या पट्टीवर टेकतात, तो ब्रिज खाली घेतला. फ्रेट म्हणजे मानेवरच्या धातूच्या पट्ट्या. त्यांची बोटं ओरबाडणारी टोकं घासली. नव्या तारा चढवल्या. माझं कारखान्यात राहिलेलं काम त्या टेबलावर पूर्ण झालं. चौथं माणूस शेवटी आलं. उशिरा आलं, पण आलं.

खारूला जागा मिळाली, आणि मलाही. आता हॉटेलात राणीसरकारच्या शेजारी माझा स्टँड असतो. लोक जेवतात, गप्पा मारतात, अधूनमधून ऐकतात. राणीसरकार धून वाजवते, मी मागून ताल धरते. मधे थांबून खारू माझ्या खुंट्या पिळते, तेव्हा मामा कुरकुरतो, "झालं का तुझं?" ती म्हणते, "होतंय, घाई काय आहे?" वाजवून झालं की ती मऊ फडक्याने माझ्या तारांवरचा घाम पुसते. मला आणखी काय हवं?

म्हणून मित्रांनो, माझ्यासारखी स्वस्तातली गिटार तुमच्या घरात असेल, तर तिला वाऱ्यावर सोडू नका. तिच्या तारा पुसा, बदला, जाणत्याकडून तिची मान सरळ करून घ्या. कष्टाने कला खुलते, असं कुणी सांगितलं तर त्याला माझ्या जुन्या तारा दाबायला द्या. उंच तारांनी कला खुलत नाही, नुसते फोड येतात. आणि मोठ्यांनो, तुम्हीही ऐका: पोराच्या हातात कला नाही असं म्हणायच्या आधी, ते जे वाजवतंय ते एकदा स्वतःच्या हातात घ्या आणि वाजवून बघा.