हत्तु म्हणजे चढ

सिद्धलिंगप्पा अंगठा जिभेवर ओला करून पत्ते वाटायचा. दर पत्त्याला एकदा थुंकी. बावन्न पत्ते, म्हणजे किती थुंकी झाली बघा की! नऊ वर्षं रामहरीनं ते ओलसर पत्ते हातात धरले आणि चकार शब्द काढला नाही. दोस्ताच्या थुंकीला कोण नावं ठेवतं? त्या गुरुवारी मात्र त्यानं पहिला पत्ता उचलला आणि आधी विजारीवर पुसून घेतला.

जागा तीच, नवी पेठेतल्या चनबसप्पाच्या कापडदुकानाची माडी. भिंतीला चादरींचे गठ्ठे, मधे सतरंजी, कोपऱ्यात तंबाखूनं लाल झालेली पिकदाणी. रामहरी एसटीत कंडक्टर. त्याची सुट्टी गुरुवारी, म्हणून डावही गुरुवारी दुपारी. दुकान धाकट्या भावावर सोडून चनबसप्पा वर यायचा. सिद्धलिंगप्पा त्याचा मेव्हणा आणि पत्त्यातला जोडीदार. रामहरीचा जोडीदार धोंडीराम, डेपोतला फिटर, जिवाचा दोस्त म्हणवणारा.

खेळ मेंढीकोटाचा. दश्शीला, म्हणजे दहाच्या पत्त्याला, म्हणायचं मेंढी. ज्या जोडीनं जास्त मेंढ्या ओढल्या ती जिंकली, आणि चारीच्या चारी नेल्या की समोरच्यावर कोट. नऊ वर्षांत रामहरीच्या अंगावर इतके कोट चढले होते, की दुसरा कुणी सोलापूरच्या उन्हात उकडूनच मेला असता. तो हरला की चनबसप्पा म्हणायचा, "रामहरी, देवानं तुला डोकं टोपी ठेवायला दिलंय." आणि सगळे खो खो हसायचे. रामहरीही हसायचा. माणूस साधा. त्याला ते खरंच वाटायचं.

वाटायचं म्हणजे किती? दोन वर्षांपूर्वी खात्याची कंट्रोलरची परीक्षा निघाली होती. त्याची बायको सोजरबाई हात धुऊन मागं लागली, "बसा की एकदा! तुमच्यापरीस अडाणी लोकं साहेब झाली." रामहरीनं फॉर्म आणला आणि याच माडीवर दाखवला. धोंडीराम म्हणाला, "चार मेंढ्या ध्यानात ऱ्हात न्हाईत ह्याच्या, आन् ह्यो अख्ख्या डेपोचं टायमटेबल ध्यानात ठिवणार!" काय हसले सगळे! रामहरीनं घरी जाऊन सांगितलं, "आपल्याच्यानं व्हायचं न्हाय ते." पुढच्या वर्षीही तेच झालं. यंदा वयाची अट ओलांडली आणि सोजरबाईनं तो विषयच टाकला.

आणि मग गेल्या पावसाळ्यात रामहरीला बार्शीच्या गाडीवरून काढून अक्कलकोटच्या गाडीवर टाकलं.

लहानाचा मोठा झाला मोडनिंबात, कानडीचा गंध नाही. पण कंडक्टरला पोटापुरती भाषा यावीच लागते. मागच्या आठवड्यात एक म्हातारी, निंगव्वा नावाची, पायरीवर अडकली आणि मागून तिची लेक ओरडली, "हत्तु, यव्वा, हत्तु!" म्हातारी चढली. तिकिटाला दहा पैसे कमी पडले, तर लेक पुन्हा कनवटीला हात घालत "हत्तु पैसा, हत्तु पैसा" करायला लागली.

रामहरीनं हसून विचारलं, "बाई, चढायलाबी हत्तु आन् पैशालाबी हत्तु?"

"व्हय की, साहेब. हत्तु म्हंजे चढबी, आन् हत्तु म्हंजे धाबी."

रामहरीनं दोरी ओढून घंटी दिली, गाडी सुटली, आणि त्याचा हात दोरीवर तसाच राहिला. कारण हा शब्द तो नऊ वर्षं ऐकत होता. चनबसप्पाच्या माडीवर एक मांजर असायचं आणि डाव रंगात आला की चनबसप्पा त्याच्याशी बोलायचा. "हत्तु, हत्तु." गठ्ठ्यावर चढ म्हणतोय, असं रामहरीला कुणीतरी सांगितलं होतं. कुणी? धोंडीरामनंच.

आठवडाभर त्यानं स्वतःला शंभरदा बजावलं, की आपलीच काहीतरी चूक असेल. दोस्त आहेत ते. पण एक गोष्ट कळल्याशिवाय त्याला घास गोड लागेना. आपण खरंच मठ्ठ आहोत, की आपल्याला मठ्ठ केलंय?

तर तो गुरुवार. धोंडीराम बदामाची पंजी खेळला. चनबसप्पा कोपऱ्यातल्या मांजराकडं बघून म्हणाला, "हत्तु, हत्तु." सिद्धलिंगप्पानं लगेच एक्का टाकला, रामहरीनं चव्वी टाकली, आणि शेवटी चनबसप्पानं बदामाची मेंढी अलगद एक्क्यावर सोडली. दश्शी आहे, चढ! पुढं किलवर निघालं. "हत्तब्याड," चनबसप्पा म्हणाला. चढू नको! आणि सिद्धलिंगप्पानं एक्का हातात दाबून तिर्री टाकली. इतकं उघडं, इतकं निर्लज्ज! आणि आपण बैलासारखे नऊ वर्षं मान हलवत बसलो. इस्पिक आलं. चनबसप्पानं तोंड उघडलं, "हत्तु..."

"अप्पा," रामहरी म्हणाला, "मांजर झोपलंय."

सगळ्यांनी कोपऱ्याकडं बघितलं. मांजर खरंच झोपलं होतं.

"झोपल्या मांजराला कशाला चढ म्हणताय? आन् इस्पिकाची मेंढी तुमच्यापाशी हाय न्हवं? टाका की."

वाटलं होतं, चनबसप्पाची मान खाली जाईल. निदान उलटा भांडेल तरी. कसलं काय! सिद्धलिंगप्पा आधी फिसकन हसला, मग चनबसप्पानं मांडीवर थाप मारली. "शिकला की रे गडी! नऊ वर्षं लागली, पण शिकला!" हसता हसता त्याच्या तोंडातला पानाचा रस हनुवटीवर ओघळला आणि तो त्यानं पत्त्यांच्याच हातानं पुसला.

रामहरी धोंडीरामकडं वळला. "तुला ठावं हुतं?"

"मर्दा, माझं आजोळ वळसंगचं. कानडी न्हाय व्हय येत मला?"

"तू माझा जोडीदार हुतास."

"लेका, तू हरलास की काय तोंड व्हायचं तुझं! असं..." धोंडीरामनं गाल पाडून, डोळे बारीक करून दाखवलं. हुबेहूब. माडी पुन्हा हसण्यानं भरली. आणि रामहरीला कळलं, की आपणही हसतोय. नऊ वर्षांची सवय, तोंड आपोआप पसरलं होतं. छी! त्यांच्या थुंकीपेक्षा, त्या ओघळापेक्षा त्याला स्वतःच्या त्या हसण्याची किळस आली. त्यानं हातानं ओठ चोळले, पत्ते टाकले आणि उभा राहिला.

"आन् परीक्षेचं?" तो म्हणाला. "तेबी गमतीनंच म्हणालास?"

धोंडीराम हसायचा थांबला. त्यानं चनबसप्पाकडं बघितलं, सिद्धलिंगप्पाकडं बघितलं, कपाळाला आठी घालून जरा विचार केला.

"कुठली परीक्षा रं?"

रामहरी त्याच्या तोंडाकडं बघत राहिला. धोंडीराम खरंच आठवत होता, आणि त्याला काही केल्या आठवत नव्हतं. तो खोटं बोलला असता, तर रामहरीला जरा तरी बरं वाटलं असतं.