कळीला सारं कळतं

मी एक जुनी कळ आहे. पोटात येते ती नव्हे, मित्रांनो, आणि भांडणासाठी काढतात तीही नव्हे. मी मोर्सची कळ, अस्सल पितळेची. मला दाबलं की रेडिओवरून आखूड किंवा लांब ठोके जातात, ठोक्यांची अक्षरं होतात आणि बोलणं परमुलखात पोचतं.

माझे मालक घड्याळजी. हौशी रेडिओचा परवाना त्यांनी लग्नाच्या फोटोच्याही वर टांगला होता, यावरून काय ते ओळखा. रोज दुकान बंद करून ते मला घेऊन बसत. लांब ठोका जरा जास्तच लांबवायची त्यांना खोड होती. दूरचे मित्र म्हणत, हा हात हजारांत ओळखू येतो. मी फुशारून जायची. पण सातासमुद्रापार बातमी काय जायची, तर आज आमच्याकडे भाजी खारट झाली! निरोपाला मात्र ते न चुकता ७३ ठोकत. आमच्यात त्याचा अर्थ नमस्कार. ८८ म्हणजे खूप खूप प्रेम. ते त्यांनी जन्मात कुणाला पाठवलं नाही. त्यांची बायको, म्हणजे आमच्या बाई, शेजारी स्वयंपाकघरात भाजी निवडत असत.

मग घड्याळजींचे कान मंदावले. परवान्याची मुदतही संपली. नव्याने परीक्षा द्यायची तर ठोके ऐकून लिहायचे, आणि ऐकू तर कुकरची शिट्टीही येईना. परवान्याशिवाय रेडिओ चालवणं गुन्हा. तीस वर्षांचे मित्र एका दिवसात तुटले. घड्याळजी घुम्यासारखे बसू लागले, आणि मी लागले अक्रोड फोडायला. काय ही दशा!

एक दिवस बाईंनी माझ्यावरची टरफलं पुसली, मला पिशवीत टाकलं आणि परीक्षेला गेल्या. तिथला कारकून म्हणाला, मोर्स आता कोण शिकतं, नुसता लेखी पेपर द्या, छोटा परवाना मिळेल. बाई हटल्या नाहीत. यांचे मित्र ठोक्यांतच बोलतात, म्हणाल्या.

त्यांनी ऐकून लिहिलं ते बिनचूक. मग मला दाबून मजकूर पाठवला. परीक्षकांनी भुवया चढवल्या.

"लांब ठोका फार लांबवता. हा दोष कुठून आला?"

"लग्नात मिळाला," बाई म्हणाल्या.

त्या पास झाल्या. घरी घड्याळजींनी परवाना तीनदा वाचला आणि विचारलं, तुला मोर्स कधीपासून येतं? बाईंनी त्यांच्या डोळ्यांसमोर टेबलावर बोटाने सावकाश ठोकून उत्तर दिलं: "खारट." घड्याळजींचा चेहरा बघण्यासारखा झाला.

आता बाई मला चालवतात. घड्याळजी माझ्याखालच्या पाटावर बोट टेकवून बाईंचे ठोके वाचतात, आणि रेडिओच्या कर्ण्यावर टेकवून मित्रांचे. मित्रांनो, जुन्या वस्तूंनी अक्रोड फोडू नका. त्यांच्यात कुणाचं तरी बोलणं अडकलेलं असतं.

काल बाईंनी मित्रांना ७३ ठोकून रेडिओ बंद केला. घड्याळजी उठेचनात. परवाना नाही, म्हणून मला न दाबता त्यांनी बाईंच्या हातावर बोटाने ठोकलं. ८८. लांब ठोके जरा जास्तच लांब होते.