दांडीची उंची

"नीट धर की गं! मागच्या वेळी सगळं पाणी माझ्या तोंडावर उडालं."

जाऊबाई मला ओरडल्या, पण ओरडण्यात काही दम नव्हता. घड्याळानं टोले द्यावेत तसं त्या हल्ली बोलतात. मी मामीला टॉवेलात घट्ट गुंडाळून टबाशी बसले होते. मामी म्हणजे आमच्या आठ कोंबड्यांतली सगळ्यात थोराड. नाव मीच ठेवलं, कारण माझी एक मामी अगदी अशीच चालते. तिचे दोन्ही पाय मिठाच्या कोमट पाण्यात बुडवलेले होते आणि ती माझ्याकडे अशी बघत होती की हा सगळा माझाच कट आहे.

खपली मऊ झाल्यावर मी तिला मांडीवर उताणी केली. तळव्यावर वाटाण्याएवढी काळी खपली, भोवती सूज. जाऊबाईंनी खपली चिमट्यानं उचलली आणि हळूहळू दाबत आतली पुवाची गाठ बाहेर काढली. हा पू पातळ नसतो, घट्ट गोळा होऊन बसतो. मग औषधानं धुवायचं, मलम लावायचं, कापडाची चौकोनी घडी ठेवून पट्टी गुंडाळायची. तीन महिन्यांत आमचे हात या कामावर इतके बसले होते की बोलायचीही गरज उरली नव्हती. आठांतल्या पाच कोंबड्या पट्ट्या बांधून फिरत होत्या.

मागच्या दारात खुर्ची टाकून भावजी हे सगळं बघत होते. भावजी म्हणजे जाऊबाईंचे यजमान, माझे थोरले दीर. हाडाचे सुतार. केसभर फट दिसली तरी दार उतरवून पुन्हा बसवणारा माणूस. आठ महिन्यांपूर्वी सकाळी चहा पिता पिता त्यांची उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. तोंडात एकच शब्द उरला, 'हो'. चहा हवा का? हो. नको का? हो. पंखा लावू का, बंद करू का, दोन्हीला हो. पहिले काही दिवस आम्ही त्या 'हो'वर खूश व्हायचो. नंतर तो कानावर पडूनही ऐकू येईनासा झाला.

जाऊबाई रोज सकाळी त्यांचं तोंड पुसायच्या, केस विंचरायच्या आणि कानावर पेन्सिल खोचायच्या. कशाला, ते मी कधी विचारलं नाही.

"जाऊबाई," मी मामीला खाली सोडत म्हटलं, "पट्ट्या बांधून काय होणार आहे? जनावरांचे डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलंत ना?"

"ऐकलं."

"दांडी खाली घ्या म्हणाले. कडा गोल करा, खाली भुसा टाका. मग अजून का—"

"टब उचल. पाणी झाडांना नको घालू, मिठाचं आहे."

दांडीचं असं होतं. आजारी पडायच्या आदल्या महिन्यात भावजींनी हे खुराडं बांधलं. खुराडं कसलं, माणूस उभा राहील अशी खोलीच. खाली गुळगुळीत सिमेंट आणि मधल्या दोन खांबांना कोंबड्यांनी बसायची दांडी, चक्क जाऊबाईंच्या खांद्याएवढ्या उंचीवर. उंच बसल्या की निवांत झोपतात, असं भावजींचं म्हणणं. लाकूड असं तासलेलं की कडेवर बोट कापावं. दिसायला देखणी, पण रोज सकाळी त्या जडशीळ कोंबड्या तिथून सिमेंटवर धपकन उड्या मारायच्या आणि तळवे फुटायचे. डॉक्टरांनी एका नजरेत ओळखलं. ते बोलत होते तेव्हा भावजी चार पावलांवरच बसलेले होते.

मामीचा पाय काही बरा झाला नाही. सूज घोट्याच्या वर चढली. डॉक्टर पुन्हा आले, पाय दाबून म्हणाले, "हाडापर्यंत गेलंय." दोन दिवसांनी ती कोपऱ्यात मान टाकून पडलेली दिसली. जाऊबाईंनी तिच्या पायाची पट्टी सोडवली, धुवून तारेवर वाळत घातली आणि भांडी घासायला बसल्या.

माझं डोकं सणकलं. मी भावजींच्या पेटीतून पेचकस काढला आणि त्या दोघांसमोर जाऊन आदळला.

"आज मी ती दांडी काढणार. कोंबड्या मरताहेत आणि तुम्ही दोघं देवळातल्या मूर्तीसारखे बसलाय!"

जाऊबाईंनी भांडं खाली ठेवलं.

"त्यांनी केलेली ती शेवटची वस्तू आहे," त्या म्हणाल्या. "आता पुन्हा काही होणार नाही त्यांच्या हातून. त्यांच्या डोळ्यांदेखत मी ती उखडू? तुमचं चुकलं असं म्हणून?"

"मग त्यांना विचारा!"

"विचारून काय होणार? हो म्हणतील. खुराडं जाळू का विचारलं तरी हो म्हणतील. आठ महिने झाले, त्यांच्या मनात काय आहे मला माहीत नाही. मला आता रडूही येत नाही गं."

मलाही रडू येत नव्हतं, खरं सांगायचं तर. आदळलेला पेचकस मी खाली वाकून उचलला.

तेवढ्यात काहीतरी पडल्याचा आवाज आला. भावजींच्या कानावरची पेन्सिल जमिनीवर पडली होती आणि ते डाव्या हातानं ती चाचपत होते. खुर्चीवरून पडतील म्हणून मी धावले. पेन्सिल उचलून पुन्हा कानावर खोचायला गेले, तर त्यांनी माझ्या हातातून हिसकावली. खरंच हिसकावली. आणि खुराड्याकडे रोखून धरली.

आम्ही दोघींनी खुर्ची ओढत खुराड्यात नेली. कोंबड्यांनी कालवा केला. मी भावजींना खांद्याला धरून ठेवलं आणि ते वाकले. खांबावर, गुडघ्याच्या बरंच खाली, त्यांनी रेघ मारली. डावा हात, त्याला या कामाची सवय नव्हती. मग दुसऱ्या खांबाशी नेलं, तिथेही रेघ मारली.

जाऊबाईंनी स्वतः दांडी उतरवली. कडांवर रंधा मारला, कोपरानं घाम पुसत, शेवटी गोल झाल्या. घरातून भुशाचं पोतं आणलं, भावजींच्याच कामाचा उरलेला भुसा, आणि सिमेंटवर वीतभर पसरला. मग दोन्ही रेघांवर धरून दांडी बसवली. ती तिरकी झाली. एका बाजूला चांगली दोन बोटं उतरती.

"तिरकी आहे," मी कुजबुजले.

"असू दे. खूण त्यांची आहे." आणि मग सवयीनं, उत्तराची वाट न बघता, त्यांनी विचारलं, "झाली ना हो सरळ?"

"ना," भावजी म्हणाले.

जाऊबाईंच्या हातातला पेचकस भुशात पडला.

"काय?"

"नाही." घशातून खरवडून काढल्यासारखा शब्द. कपाळाला आठी, गिऱ्हाइकाच्या घरी दुसऱ्या सुताराचं काम बघताना पडायची तीच.

जाऊबाईंनी पेच सैल केला, टोक जरा वर उचललं. नाही. आणखी जरा. नाही. जास्त झालं. नाही! रडताहेत की हसताहेत कळत नव्हतं, नाकातून पाणी गळत होतं, पण हात दांडीवरून हलला नाही. केसभर खाली घेतलं.

"हो," भावजी म्हणाले.

त्यानंतर त्यांनी पुन्हा कधी 'नाही' म्हटलेलं नाही. चहा हवा का, हो. नको का, हो. कोंबड्यांच्या पायांच्या जखमा सुकत आल्यात, त्यांतल्या दोघींच्या पट्ट्या सुटल्यात. जाऊबाई मात्र आता प्रत्येक गोष्ट विचारून झाल्यावर जरा थांबतात.